दहाव्या मिनिटाचा ठिपका

रात्री पावणेदोनला वरून नळी आली,
चिकटपट्टीवर सिस्टरचं घाईचं अक्षर:
बेबी ऑफ मंजुळा भोये, हरसूल, दिवस चौथा.
बिलिरुबिन बावीस. लघवी कोऱ्या चहासारखी.
त्र्यंबक नाक्यावरून एक ट्रक गेला,
मग फ्रिजची घरघर तेवढी उरली.

थेंबभर रक्त, थेंबभर रसायन,
फिल्टर पेपरवर तीन ठिपके,
शून्य मिनिटाचा, पाचव्या, दहाव्या.
शेजारी माझ्या स्वतःच्या रक्ताचे तीन,
साक्षीला कुणीतरी लागतंच.

या एन्झाइमचं पूर्ण नाव
रजिस्टरच्या रकान्यात मावत नाही.
आम्ही नुसतं जी-सिक्स म्हणतो,
थोरल्याचं नाव न घेता दादा म्हणावं तसं.
काम तरी काय त्याचं?
साखरेच्या खांद्यावरून एक हायड्रोजन उतरवून
पुढच्याच्या ओंजळीत ठेवणं.
देणारी बदलते, घेणारा बदलतो,
हा मधला जसाच्या तसा,
पुन्हा हात पुढे.

माझ्या बापाला हे लगेच कळलं असतं.
भांडी बाजाराच्या तोंडाशी त्याची भट्टी,
भाता ओढायला मी, शाळा सुटल्यावर.
पातेलं तापलं की चिमूटभर नवसागर,
पांढरा ठसका,
कथलाची कांडी टेकवून फडक्याचा एकच फेर
आणि पातेल्याच्या पोटात चंद्र.
म्हणायचा, भांडं ठोक्यानं मरत नाही रे,
कल्हई उडाली की ताक कळकतं,
आणि माणूस म्हणतो, ताक वाईट.

तांबड्या पेशीलाही कल्हई लागते,
दर क्षणाला नवी.
प्राणवायू वाहते ती,
आणि तोच प्राणवायू तिला आतून खात असतो.

खोलीतला दिवा मालवला, जांभळा लावला.
माझा पाचवा ठिपका निळसर उजळला,
दहावा त्याहून, काजव्याच्या पोटासारखा.
बाळाचा पाचवा: काळोख.
बाळाचा दहावा: काळोख.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
चष्म्याचा काय दोष.

जिना चढलो. हे माझं काम नव्हतं.
मंजुळा काचेला कपाळ लावून उभी,
आत निळ्या दिव्याखाली
डोळ्यांवर पट्टी बांधलेलं पिवळं पोर.
कपडे कुठले गं याचे?
"जावेच्या पोराचे. पेटीत होते दोन वर्षं.
जपून ठेवलेले, पांढऱ्या गोळ्या घालून."
पिशवीतलं झबलं तिने पुढे केलं.
उबदार, मऊ,
आणि डांबरगोळीचा तो वास
जो मला आजवर नीटनेटक्या घरांचा वाटायचा.

"माझं काही चुकलं का?"

तुझ्याकडूनच आलं, हे खरं.
तुझं चुकलं नाही, हेही खरं.
दोन्ही एका वाक्यात बसेनात,
म्हणून मी दुसरंच आधी सांगितलं.
बाकीचं डॉक्टर सांगतील, म्हणालो,
आणि स्वतःचाच राग आला.

तिला एक कार्ड लिहून दिलं:
डांबरगोळ्या नकोत.
मलेरियाची ती गोळी विचारल्याशिवाय नको.
कुठल्याही दवाखान्यात हे आधी दाखवा.
डांबरगोळ्या नकोत.
तिने पुटपुटत वाचलं, थांबली.
"हे दोनदा लिहिलंय."
असू दे, म्हणालो.

साडेचारला रक्तपेढीतून पिशवी वर गेली,
सातपूरच्या कुणा खराद्याचं रक्त,
रविवारच्या शिबिरात दिलेलं,
बिस्किटाचा पुडा खाऊन जो घरी गेला असेल.
आता काही आठवडे
त्या अनोळखी माणसाचं जी-सिक्स
हरसूलच्या पोराच्या अंगात फिरेल,
एक हायड्रोजन उतरवत,
एक पुढे ठेवत.
उसनी कल्हई.

तोवर त्याचं स्वतःचं भांडं तापेल.
पातळच निघेल ते, जन्मभर,
पण आंबट दूर ठेवलं तर
चालतं असलं भांडंही.
बापाच्या हातची अशी चार
अजून आहेत आमच्याकडे, वापरात.

रजिस्टरमध्ये लिहिलं: डेफिशियंट.
सही केली. वेळ पाच दहा.
आणि हात धुताना, उगाच,
बोटांना नवसागराचा वास येतो का पाहिलं.